दोघांनीही घरी बसायचं

लिंडन फोर्क गावात रस्त्यांसाठी जादा घरपट्टी द्यायची की नाही, यावर तीनदा मतदान झालं होतं आणि तिन्ही वेळा गावाने ठणकावून 'नाही' म्हटलं होतं. पहिल्यांदा साठ मतांनी, दुसऱ्यांदा एकवीस मतांनी आणि तिसऱ्यांदा सात मतांनी. घरपट्टी मागणाऱ्या समितीची अध्यक्ष तिन्ही वेळा एकच होती, व्हेल्डा स्टकी. अडुसष्ट वर्षांच्या या बाईने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकांवरच्या चाळीस पोरांना ती आरशातून नुसतं बघून गप्प करत असे. तीच पोरं आता टक्कल पडलेली, घरपट्टी भरणारी माणसं झाली होती आणि आरशाला घाबरत नव्हती.

गावातले रस्ते ओहायोतल्या हिवाळ्यांनी खाऊन टाकले होते. मिल स्ट्रीटवर तर डांबर कमी आणि खड्डे जास्त. पोस्टाची गाडी तिथे बैलगाडीच्या चालीने जायची. टायरवाला ड्वेन पर्क एवढा एकच माणूस त्या खड्ड्यांवर जीव लावून होता आणि 'जादा कर नको' ही गावातली सगळ्यात मोठी पाटी त्याच्याच दुकानापुढे उभी होती. तिसऱ्या पराभवानंतर गावच्या कौन्सिलने हात टेकले. चौथ्यांदा नकार आला, तर मिल स्ट्रीटवरचं उरलंसुरलं डांबर उखडायचं आणि खडी पसरून मोकळं व्हायचं, असा ठराव झाला. खडीचा रस्ता स्वस्त. उन्हाळ्यात थोडी धूळ उडेल, इतकंच.

थोडी धूळ. व्हेल्डाने तो ठराव सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकला आणि सभा संपायच्या आत ती उठून घरी निघाली. कारण मिल स्ट्रीटवर, अगदी रस्त्याला लागून, तिचं घर होतं, आणि त्या घरात ऑरिन होता.

ऑरिन तिचा नवरा. एकतीस वर्षं त्याने गावच्या धान्याच्या कोठारात काढली. मका आणि सोयाबीनची जी धूळ तिथे उडायची ती त्याने फुप्फुसांत साठवून घरी आणली. आता नाकात प्राणवायूची नळी आणि खांद्याला पिशवीत एक लहानसं नळकांडं घेऊन तो वावरत असे. डॉक्टरांनी व्हेल्डाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की धुळीपासून यांना जपा, एक वाईट उन्हाळा पुरे आहे. ही गोष्ट गावात कुणालाही सांगायची नाही, असं ऑरिनने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. नळी सगळ्यांना दिसत होतीच. पण ती का आहे आणि किती वाईट आहे, हे त्याचं त्याच्याकडे.

आणि हाच ऑरिन प्रत्येक करवाढीच्या विरोधात होता. फुप्फुसं गेली तरी तत्त्व शाबूत. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं मत एकाही बाबतीत जुळलं नव्हतं. शाळेचा कर असो, अग्निशमनाचा असो, वाचनालयाचा असो, तिचं 'हो' तर त्याचं 'नाही'. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत दोघांनी एक करार केला होता. तुझं मत माझं मत खोडणार, माझं तुझं खोडणार, मग उगाच थंडीत मतदानाला जायचं कशाला? दोघांनीही घरी बसायचं. मतदानाच्या दिवशी व्हेल्डा कुस्करलेल्या बटाट्यांवर चिकन-नूडल्स वाढायची, दोघं पोटभर जेवायचे आणि लोकशाहीला सुट्टी द्यायचे. करार कधी मोडला नव्हता. घरपट्टीच्या तिन्ही वेळी समितीची अध्यक्षच मतदानाला गेली नव्हती, हे गावात कुणाला माहीत नव्हतं.

या वेळीही सप्टेंबरात, मक्याची कापणी सुरू झाली तेव्हा, ऑरिनने कॉफी ढवळता ढवळता विचारलं, "नेहमीप्रमाणे?"

"नेहमीप्रमाणे," व्हेल्डा म्हणाली आणि भांडी घासायला वळली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली.

कारण तिने मनात ठरवून टाकलं होतं. सात मतांचा खड्डा भरायचा तर आधी आपलं स्वतःचं मत टाकायला हवं. करार मोडायला हवा. आणि एकदा बाई करार मोडायला निघाली की ती एकाच करारावर कशाला थांबेल?

ऑरिनला दिलेला शब्द तिने प्रचाराच्या पहिल्याच दारात मोडला. मुद्दाम नाही. शेजारची ग्लेंडा हफ दारात हाताची घडी घालून उभी होती आणि खड्ड्यांचे फोटो बघून जांभया देत होती. व्हेल्डाच्या तोंडून निघून गेलं की खडी टाकली तर ऑरिन पुढचा उन्हाळा काढणार नाही. ग्लेंडाच्या हातांची घडी सुटली. तिने व्हेल्डाला आत नेलं, कॉफी पाजली, रडली आणि आपलं मत तिथल्या तिथे कबूल करून टाकलं. दुसऱ्या दारात व्हेल्डाने फोटो पिशवीतून काढलेच नाहीत.

तिला वाईट वाटत होतं, रोज वाटत होतं, पण वाईट वाटता वाटता ती सराईत होत गेली. पहिल्या आठवड्यात ती हे खाली मान घालून सांगायची. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचे शब्द डॉक्टरांच्या आवाजात यायला लागले. तिसऱ्या आठवड्यात ती ऑरिनचा खोकला काढून दाखवू लागली. ज्यांनी तीनदा दार लावून घेतलं होतं ते आता तिला पाणी आणून देत होते.

अडचण एकच होती. बायका पटत होत्या, नवरे पटत नव्हते. नवऱ्यांचं म्हणणं, ऑरिन भला माणूस आहे, पण आज ऑरिनसाठी, उद्या कुणासाठी? तेव्हा व्हेल्डाने आपली घरगुती युक्ती बाहेर काढली. तिने एकेकीला बसवून समजावलं: नवऱ्याशी भांडू नकोस. त्याला म्हण, आपली मतं एकमेकांना खोडणारच आहेत, मतदानाच्या मंगळवारी दोघंही घरी बसू. तो खूश होईल. आणि त्याआधी आगाऊ मतदान असतंच. तालुक्याच्या गावी, हार्मनला, निवडणुकीची कचेरी महिनाभर आधीपासून उघडी असते, तिथे गुपचूप जायचं आणि मत टाकून यायचं. सहा बायका तयार झाल्या. करार शिकवणारीही तीच आणि करार मोडायची गाडी चालवणारीही तीच.

बुधवार ठरला. बुधवारी हार्मनला कापडाच्या दुकानात गोधड्यांचे तुकडे स्वस्त मिळतात, त्यामुळे कुणाला संशय येणार नव्हता. बुधवारी हार्मनला गुरांचा लिलावही असतो, ही इतक्या वर्षांची माहितीतली गोष्ट व्हेल्डा त्या दिवशी साफ विसरली.

सकाळी दहाला व्हेल्डाच्या मोठ्या व्हॅनमधून सात बायका कचेरीच्या दारात उतरल्या. समितीचा पिवळा सदरा व्हेल्डाच्या अंगात होता, त्यावर पुढे-मागे मोठ्या अक्षरांत 'रस्त्यांना हो म्हणा'. सदरा घालून घालून तो अंगात आहे हेच तिला जाणवेनासं झालं होतं. दारातल्या तरुण कारकून मुलीने नम्रपणे हात आडवा केला.

"बाई, प्रचाराचे कपडे घालून आत येता येत नाही. तिकडे प्रसाधनगृह आहे. सदरा उलटा करून घाला, मग रांगेत या."

व्हेल्डा गेली, सदरा उलटा केला, शिवणी बाहेर आणि अक्षरं आत अशी ती परत आली, आणि रांगेच्या शेवटाला बघते तर ऑरिन उभा.

नळी नाकात, पिशवी खांद्याला, डोक्यावर लिलावाची टोपी. त्याच्यापुढे ग्लेंडाचा नवरा क्लाइड हफ, आणि क्लाइडपुढे ओळीने आणखी पाच टोप्या. सगळे नवरे. आणि त्यांच्यापुढे, वळूनही न बघता, मान ताठ ठेवून उभ्या असलेल्या सहा बायका. कारकून मुलगी कौतुकाने बघत होती. इतक्या सकाळी इतकी जागरूक माणसं तिने पाहिली नसावीत.

झालं होतं असं की कोठाराच्या कोपऱ्यात रोज सकाळी कॉफी प्यायला जमणाऱ्या नवऱ्यांमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, आमची बायको म्हणते मंगळवारी दोघांनी घरी बसायचं. दुसरा म्हणाला, अरे, माझीही तेच म्हणते. तिसरा, चौथा, सगळे तेच म्हणाले. तेव्हा ऑरिनने आपल्या घरचा जुना करार आठवून सांगितलं की ही युक्ती कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि जिने ती शिकवली ती बाई येत्या मंगळवारी मुळीच घरी बसणार नाही, त्याआधीच जाऊन येईल. मग आपणही आधीच जाऊ. बुधवारी लिलाव आहे.

व्हेल्डा त्याच्या मागे उभी राहिली. दुसरीकडे जागाच नव्हती.

"लिलावाला आला होतास ना?" तिने हळूच विचारलं.

"तू गोधडीला आली होतीस ना? सदरा उलटा आहे तुझा."

"मुद्दाम आहे."

"करार मोडलास, व्हेल्डा."

"तूही मोडलास."

"मी तुझ्यामागे येऊन मोडला. त्याला मोडणं म्हणत नाहीत, त्याला पाठलाग म्हणतात." तो थांबला, दोन श्वास घेतले. एवढ्या बोलण्याला त्याला दोन श्वास लागायचे. मग आवाज आणखी खाली आणून त्याने विचारलं, "किती दारं?"

तिला कळलं की हा प्रश्न मतांचा नाही.

"सगळी नाही," ती म्हणाली.

"व्हेल्डा."

"एकशे चाळीस. काही घरांत कुणी नव्हतं."

"खोकूनही दाखवलंस म्हणे."

"थोडंसं."

पुढे क्लाइडच्या खांद्यांना हसू फुटलं आणि त्याने ते दाबलं. ऑरिन हसला नाही. तो सांगू लागला, आणि मध्ये मध्ये थांबत सांगत राहिला. महिन्याभरात लोक मधाच्या बरण्या आणून देत होते. चर्चमध्ये बायका त्याच्याकडे बघून डोळे पुसत होत्या. त्याला वाटलं, वय झालं म्हणून असेल. मग काल ड्वेन पर्कने त्याच्यासाठी दुकानाचं दार उघडून धरलं. ज्या ड्वेनने चाळीस वर्षांत स्वतःच्या आईसाठी दार धरलं नाही त्याने टोपी काढून दार धरलं, तेव्हा ऑरिनच्या डोक्यात प्रकाश पडला.

"एकतीस वर्षं त्या कोठारात राबलो," तो म्हणाला. "कुणापुढे हात पसरला नाही. आणि तू माझ्या फुप्फुसांचा कटोरा केलास आणि दारोदार फिरलीस."

व्हेल्डा सदऱ्याची उलटी शिवण ओढत राहिली. एकशे चाळीस दारांत तिने त्याला वाचवायचं म्हणून तोंड उघडलं होतं आणि एकाही दारात त्याला कसं वाटेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. खरं म्हणजे आलं होतं, आणि ती पुढच्या दाराकडे चालायला लागली होती.

पुढे ग्लेंडा वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आता चोरी उघडी पडलीच आहे तर हिशेब सरळ आहे. सात बायका, सात नवरे. सात 'हो', सात 'नाही'. रांगेत उभं राहून पाय दुखवायचे आणि शेवटी निघणार काय, तर शून्य. समोर डॉटीच्या हॉटेलात गोड सारणाची भोपळ्याची पाई आत्ताच भट्टीतून निघाली असेल. चला.

सूचना सर्वांना पटली, पण आधी कोण निघणार? नवरे आधी निघाले तर बायका थांबतील, बायका आधी निघाल्या तर नवरे. शेवटी क्लाइड गुरांच्या लिलावात ओरडतात तसा 'एक, दोन, तीन' ओरडला आणि चौदाही माणसं एकदम रांगेबाहेर पडली. कारकून मुलगी बघतच राहिली. व्हेल्डाही बाहेर पडली. अध्यक्षाने रांग सोडावी हे तिला शोभत नव्हतं, पण ऑरिनच्या डोळ्यांसमोर रांगेत थांबणं तिला त्या क्षणी त्याहून अशोभनीय वाटलं.

डॉटीचं हॉटेल कचेरीच्या अगदी समोर होतं. तीन टेबलं जोडून चौदाजण बसले. पाई आली, कॉफी आली, आणि थोड्याच वेळात क्लाइडला प्रसाधनगृहात जायची गरज पडली. तो बराच वेळ गेला. तो यायच्या आत ग्लेंडालाही गरज पडली. मग एकेकाला, एकेकीला. त्या दिवशी लिंडन फोर्कच्या सगळ्या प्रौढ नागरिकांची पोटं बिघडली होती. डॉटीने येऊन विचारलं की पाईमध्ये काही होतं का, तर सगळे एकसुरात म्हणाले की पाई उत्तम आहे. हॉटेलच्या प्रसाधनगृहाजवळून एक मागचं दार गल्लीत उघडतं. क्लाइड परत आला तेव्हा त्याच्या छातीवर 'मी मतदान केलं' असा गोल स्टिकर झळकत होता, जो कचेरीत मत टाकल्यावर हातात देतात. टेबलावरच्या कुणीही त्याबद्दल ब्र काढला नाही. ज्याला त्याला आपली पाळी यायची होती.

मग ऑरिन उठला. "येतो," म्हणाला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. व्हेल्डाला आधी राग आला. मग राग उरला नाही आणि नुसती भीती उरली. ती मागच्या दाराशी गेली आणि गल्लीच्या तोंडातून बघितलं. कचेरी साठ पावलांवर होती. ऑरिन वीस पावलांवर दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तो थोडा चालला, पुन्हा थांबला, एका उभ्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. रस्ता ओलांडायला त्याला चार मिनिटं लागली. तिचे पाय त्याच्याकडे धावायला बघत होते आणि तिने ते दाबून धरले. आधीच तिने त्याला गावभर आजारी करून ठेवलं होतं. आता आधार द्यायला गेली असती तर त्याने तिला कधीच क्षमा केली नसती. तो तिचं मत खोडायला चालला होता, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, सावकाश, बाबा, सावकाश.

तो परत येऊन बसला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. तिने त्याची कॉफी पुढे सरकवली. अर्धा तास गेल्यावर तीही उठली. कचेरीतल्या मुलीने ओळखीचं हसून तिच्या उलट्या सदऱ्याकडे बघितलं आणि मतपत्रिका दिली. व्हेल्डाने 'हो'पुढचा गोल काळा केला. इतका गर्द की कागद फाटायला आला. परत आली तर ऑरिनने तिची पाई खाऊन टाकलेली होती.

घरी जाताना तो क्लाइडच्या गाडीत बसला नाही, तिच्या शेजारी येऊन बसला. मिल स्ट्रीटवर गाडी आदळायला लागली तेव्हा फक्त एकदा तो म्हणाला, "डावीकडून घे." एवढंच.

मंगळवारी दोघं घरी बसले. नूडल्स झाल्या, बटाटे झाले. समितीची माणसं अग्निशमन केंद्रात निकालाची वाट बघत जमणार होती, पण व्हेल्डा गेली नाही. मागचे काही आठवडे ती दुसऱ्यांच्या दारांत खूप उभी राहिली होती. भांडी झाल्यावर ती ऑरिनसमोर बसली आणि सरळ म्हणाली की मी शब्द मोडला, वाईट केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन की नाही ते मला खरंच सांगता येत नाही. ऑरिनने पिशवीतलं नळकांडं सरळ केलं. मग म्हणाला, अर्धी माफी आहे ही. ती म्हणाली, हो, अर्धीच आहे. तो म्हणाला, ठीक आहे, अर्धी घेतो.

बुधवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी ग्लेंडाचा फोन आला. व्हेल्डाने ऐकलं, "पुन्हा सांग," म्हणाली, पुन्हा ऐकलं आणि फोन ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "दोनशे एकतीस विरुद्ध दोनशे तीस. एका मताने."

ऑरिनने चमचा खाली ठेवला. "एका?"

"एका. ग्लेंडा म्हणते ते तिचं. गावात आत्तापर्यंत सातजणांनी ते मत माझंच म्हणून सांगितलंय. ड्वेन पर्कसुद्धा सांगतोय."

"ड्वेन? पाटी लावून?"

"पाटी धंद्यासाठी होती म्हणे."

ऑरिनला हसू आलं, हसण्यातून खोकला आला आणि तो ओसरायला वेळ लागला. व्हेल्डा ते संपायची वाट बघत उभी राहिली. ते ऐकता ऐकताच, जिंकल्याचा आनंद अजून अंगात उतरायचा होता, तोच तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"त्या दिवशी तू 'नाही' वरच खूण केलीस ना?"

"मग? पंचेचाळीस वर्षं काय म्हणत आलोय?"

"एका मताने, ऑरिन. तुझ्यासारखं आणखी एक खुळं डोकं त्या गल्लीतून चालत गेलं असतं तर बरोबरी झाली असती, बरोबरी म्हणजे नकारच, आणि पुढच्या महिन्यात दारापुढे खडी आली असती. मग काय केलं असतंस? श्वास कुठून आणला असतास? मला या स्वयंपाकघरात एकटीने बसायचं नाहीये. एवढंच होतं सगळं. रस्ता गेला खड्ड्यात."

तिला रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही. ऑरिनने हात पुढे करून तिची बाही धरली. हात धरायला उठावं लागलं असतं, आणि उठायला श्वास लागला असता.

"ऐक," तो म्हणाला. "लोकांनी माझ्यावरच्या दयेपोटी मत दिलं. त्याला मी काय करणार? पण मीसुद्धा 'हो'ला मत दिलं असतं, तर त्या रस्त्यावर पाय ठेवताना मला दरवेळी वाटलं असतं की हा मी मागून घेतलाय. आता नाही वाटणार. मी विरोध केला आणि हरलो. हरलेल्या माणसाला मान वर करून चालता येतं."

"आणि जिंकला असतास तर?"

ऑरिनने विचार केला. नळी नाकावर नीट बसवली.

"या वेळी तू माझ्या जिवासाठी मागे लागली होतीस, आणि तशी तू हरणार नाहीस. ते नीट बघूनच मी निर्धास्तपणे 'नाही' म्हटलं."

व्हेल्डाने डोळे पुसले. हे कौतुक होतं की ठपका, हे तिला ठरवता येईना, आणि बहुधा दोन्ही होतं. ती अंडी गरम करायला वळली. मागे ऑरिनने फोन ओढून घेतला आणि गावाच्या कचेरीचा नंबर फिरवला.

"ऑरिन स्टकी बोलतोय, मिल स्ट्रीट," तो म्हणाला. "काम कधी सुरू करताय? आधी गटारं बघा, नाहीतर दोन हिवाळ्यांत पुन्हा तेच होणार. हो. नाही, मी विरोधात होतो. पण पैसे मीही भरणार आहे, म्हणून विचारतोय." पलीकडून कुणीतरी काहीतरी मऊ आवाजात विचारलं. ऑरिनने खिडकीकडे बघितलं, दोन श्वास घेतले. "उत्तम आहे," तो म्हणाला. "माझ्या तब्येतीचा याच्याशी काही संबंध नाही."

व्हेल्डा तव्याकडे तोंड करून उभी होती. या वेळी तिने कुणालाच काही सांगितलं नाही.